सावरीचं हाड

डोमाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. बायकोनं, कुंतानं, चुलीत पहिली काडी घालायच्या आत तो खुंटीवरचं फेकजाळं खांद्यावर टाकून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचलेला असायचा. उशिरा जाणारा मासे धरत नाही, पाय धुऊन येतो, असं त्याचं म्हणणं.

गाव ब्रह्मपुरीपासून जीपने अर्ध्या तासावर. धानाच्या बांध्या आणि एक मोठा तलाव. ढिवरांच्या घरांकडे बांध्या नावापुरत्या, पोट सगळं तलावावर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मच्छीमारांची सोसायटी मासे काढायला माणसं लावते. जो जाळं फेकतो त्याला पूर्ण मजुरी. जो पाण्यात उतरून मासे हाकलतो, टोपली वाहतो, त्याला अर्धी. डोमा मिसरूड फुटल्यापासून पूर्ण मजुरीचा माणूस होता.

फेकजाळं फेकणं पाहिल्याशिवाय कळत नाही. जाळं गोल असतं आणि त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. थोडं जाळं डाव्या कोपरावर घ्यायचं, थोडं उजव्या हातात, आणि कडेचा एक भाग दातांत धरायचा. दात डावीकडचे. कंबर वळते, हात सुटतात आणि सगळ्यात शेवटी दात सुटतात. दात आधी सुटले तर जाळं गाठोड्यासारखं पडतं. उशिरा सुटले तर माणूस जाळ्यामागं पाण्यात जातो. डोमाचे दात इतकी वर्षं वेळेवर सुटत आले. त्याचं जाळं परातीसारखं गोल पडायचं, आणि गावातली पोरं त्या गोलावरून ओळखायची की आज पाण्यावर डोमाभाऊ आहे.

मग वरचा डावा सुळा गेला आणि त्याच्या पाठोपाठ त्याच्या मागचा दात गेला. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं हिरड्या आधीच सैल केल्या होत्या, उरलेलं काम शिशानं केलं. डोमानं कड उजवीकडच्या दातांत धरून पाहिली. जाळं उघडायचं, पण करंजीसारखं, एका बाजूनं दुमडलेलं. मासे त्या दुमडीतून निघून जायचे. दोन उन्हाळे सोसायटीनं डोळेझाक केली. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या जागी दसरू उभा राहिला आणि डोमाच्या डोक्यावर टोपली आली.

दसरू त्याच्यापेक्षा वयानं थोडा लहान, तोंडानं फार मोठा. "डोमाभाऊ, टोपली नीट धरजो," तो डोंग्यावरून, त्या लहान होडीवरून, ओरडायचा. "तिले दात नाई लागत!"

डोमानं काढता-घालता येणारे दात करून आणले. ते पहिल्याच पहाटे जाळ्याबरोबर तलावात गेले. दोन डुबक्या मारूनही हाती लागले नाहीत.

"काय बे, दात कुठी गेले?" दसरूनं विचारलं.

"तलावात."

"मंग मरळीनं घातले असन. सांभाळ बावा, उद्या ती तुलेच चावन."

त्या दिवशी डोमानं ठरवलं की निघणार नाहीत असे दात घ्यायचे. कुंता ब्रह्मपुरीच्या बाजारात मासे विकायला बसायची, तिथून समोरच दिव्यानी डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना होता. बाई कोरपन्याकडच्या, कापूसवाल्या घरातल्या. मासे घ्यायला स्वतः यायच्या आणि कल्ले उघडून पाहिल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. कुंताला त्यांचा विश्वास वाटे तो एवढ्याचसाठी. दिवाळीनंतर ती नवऱ्याला घेऊन गेली.

"निघणार नाई असे दात पाह्यजेत, बाई," डोमा म्हणाला.

कशासाठी पाहिजेत ते त्यानं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. बाईंना वाटलं, माणसाला दात जेवायलाच लागतात. डोमाला वाटलं, जाळंवाल्याला दात कशाला लागतात हे काय सांगायचं? त्याच्या गावात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बाईंनी जबड्याचा फोटो काढायला लावला. मशीन माणसाच्या डोक्याभोवती फिरलं आणि थोड्या वेळानं डोमाचं हाड काचेवर दिसू लागलं. बाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"बाजूचे दातही भक्कम नाहीत, त्यांच्या आधारानं नवे बसवता येणार नाहीत. हाडातच स्क्रू घालावे लागतील. पण हाड मऊ आहे, डोमाभाऊ."

"कोणाचं?"

"तुमचं."

डोमानं आधी कुंताकडे पाहिलं, मग काचेकडे. "फोटो दुसऱ्याचा असन, बाई. माझ्या आंधी तो जाडा गडी बसला होता ना."

"तुमचाच आहे. हे खालचं हाड बघा, भरीव. सागवान म्हणा. आणि हे वरचं, डावीकडचं, जिथले दात गेले. हे सावरीचं लाकूड. नखानं दाबलं तर खड्डा पडेल."

सावरीचं लाकूड डोमाला माहीत होतं. त्याची कोणी खाटही करत नाही. त्यानं बाही सरकवून मनगट पुढं केलं. "हे पाहा. हे सावर हाय का? मी कधी आजारी म्हून एक दिवस घरी नाई बसलो."

"हाताचं हाड तुमचं पक्कंच असेल. हाताला रोज काम आहे. हाड कामावर टिकतं. दात होता तोवर या हाडावर जोर पडत होता. दात गेला, काम गेलं. तेव्हापासून हे बसून आहे. बसून राहिलेलं हाड झिजतं."

डोमानं बाही खाली ओढली. आळशी माणूस त्याला कधी चालला नव्हता. जावई दुपारी झोपतो म्हणून त्यानं जावयाशीही बोलणं तोडलं होतं. आणि त्याच्याच तोंडात, नाकाच्या अंगाला, बोटभर जागा तीन वर्षं काहीही न करता बसून होती. खाणंपिणं घेत होती आणि झिजत होती. त्यानं जिभेनं ती जागा चाचपली. तिथं काही कळलं नाही.

स्क्रू बसले. दोन. हिरडीतून वर दोन लहान धातूच्या गुंड्या दिसत होत्या. बाईंनी बजावून सांगितलं, "चार महिने डावीकडून काही चावायचं नाही. खर्रा बंद. हाडाला स्क्रू धरू द्या. त्याच्यावर जोर येता कामा नये."

डोमाचा गोंधळ तिथंच सुरू झाला. "काम नोतं म्हून मऊ झालं म्हनता, अन आता म्हनता काम देऊ नोका. मंग हाडानं करायचं काय?"

"धरून बसायचं."

"बसलंच तर होतं ना ते!"

बाहेर चार माणसं ताटकळत होती. बाई म्हणाल्या, "डोमाभाऊ, तुम्ही फक्त सांगितलं ते करा."

सांगितलं ते करणं डोमाला येत होतं. त्यानं खर्रा सोडला. पहिले आठ दिवस तो माणसात नव्हता, कोंबड्यांवर ओरडायचा. भात पेजेसारखा शिजवून घ्यायचा आणि उजवीकडूनच गिळायचा. टाके सुकल्यावर तो पुन्हा पहाटे तलावावर जाऊ लागला. सोसायटीचं काम नव्हतं, घरच्या कालवणापुरतं जाळं टाकायचा. कड उजव्या दातांत, जाळं करंजीसारखं.

एके दिवशी जाळं गोल पडलं.

डोमानं परत टाकलं. परत गोल. त्याला वाटलं, वारा पडलाय म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी वारा होता, तरी जाळं गोलच पडलं. हात बरा झाला म्हणावं तर हाताला कधी काही झालंच नव्हतं. त्यानं कारण शोधलं नाही. चालत्या कामाचं कारण कोण शोधतो? सोसायटीच्या कानावर गेलं. त्या साली तलावाचं पाणी लवकर उतरलं, आणि मासे काढायच्या पहिल्याच दिवशी डोमा पुन्हा डोंग्यावर उभा राहिला. टोपली दसरूकडे गेली नाही, पण त्याचं तोंड जरा बंद झालं.

शिमग्याच्या आसपास डोमाच्या जिभेला एक गुंडी हलल्यासारखी वाटली. मग दुसरीही. दवाखान्यात बाईंनी चिमटा लावला आणि काही जोर न लावता दोन्ही स्क्रू बाहेर आले, पिकल्या चिंचेतून चिंचोके यावेत तसे.

बाईंनी ते पांढऱ्या ताटलीत ठेवले. चोख काम केलेली भिंत पहिल्या पाण्यात बसली तर गवंडी जसा तिच्यासमोर उभा राहतो, तसा डोमा त्या दोन स्क्रूंकडे पाहत बसला. चूक सापडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"खर्रा खाल्ला?" बाईंनी विचारलं.

"एक चिमूट नाई."

"मी रोज खिसे पाहतो ना यांचे," कुंता म्हणाली. "काही नाई सापडत. काडेपेटीसुद्धा नाई."

"डावीकडून चावलं?"

"भाताचं शीत नाई, बाई."

"झोपेत दात खाता का?"

"झोपेत?" कुंता म्हणाली. "मुडद्यावानी पडतेत हे. चारच्या आंधी उठवलं तरी उठत नाई."

"मग काय झालं?" बाई स्वतःशीच बोलल्या. त्यांनी पुन्हा जुना फोटो लावला. त्याही गोंधळल्या होत्या, ते दिसत होतं. "हाड मऊ होतं, पण स्क्रू तसे नीट बसले होते. कोणीतरी रोज ओढल्यासारखे निघाले हे. कामाला जाता का?"

"जातो तर. बसून काय करू?" डोमाचं तोंड थोडं उजळलं. "एक गोष्ट तेवढी बरी झाली. जाळं गोल पडून राह्यलं. तीन वर्सांनी."

"जाळ्याचं ठीक आहे. ते हाताचं काम."

"तेच म्हनून राह्यलो. सारं हाताचंच काम हाय. त्याच्यात डाव्या बाजूचा संबंधच नाई. थांबा, दाखोतो."

तो खुर्चीतून उठला. गळ्यात साखळीनं अडकवलेला कागदी रुमाल त्यानं काढला आणि जागा करायला कुंताला भिंतीकडे सरकायला सांगितलं. रुमाल थोडा डाव्या कोपरावर टाकला. थोडा उजव्या हातात घेतला. मान जराशी वाकवली, कंबर वळवली आणि पाण्याकडे पाहावं तसं दवाखान्याच्या फरशीकडे पाहिलं.

"डोमाभाऊ," बाई म्हणाल्या. "तसेच थांबा."

तो थांबला.

"तोंडात काय आहे?"

डोमाला उत्तर देता येईना, कारण तोंड उघडलं तर कड सुटली असती. त्यानं डोळे खाली करून पाहिलं. कागदी रुमालाची कड त्याच्या तोंडात होती. डाव्या बाजूला. जिथं आता गुंड्या नव्हत्या, तिथं तो ती हिरडीनं दाबून धरून उभा होता.

कुंतानं पदर तोंडावर घेतला. ती रडते की हसते ते आधी कळलं नाही. मग खांदे हलू लागले. "डाव्या बाजूचा संबंध नाई म्हनते!"

बाई रागावल्या की त्यांच्या तोंडात कोरपन्याची बोली यायची. "अवो, मी तुमाले जोर नोका देऊ म्हणलं, अन तुमी शिशाचं जाळं टांगलं त्याच्यावर? अन मले सांगून राह्यले का हाताचं काम हाय?"

सगळ्यात जास्त आश्चर्य डोमालाच वाटलं होतं. त्यानं कड तोंडातून काढली आणि तिच्याकडे अशी पाहिली की जणू दुसऱ्या कोणी ती तिथं ठेवली. तो खोटं बोलला नव्हता. कड डावीकडे कधी गेली हे त्याला खरंच माहीत नव्हतं. तिथं काहीतरी टणक लागलं होतं आणि तोंड आपलं आपण जुन्या जागी गेलं होतं. त्यानं तेवढ्यात जाळं गोल पडल्याचा आनंद करून घेतला होता.

"म्हंजे हाडाची चूक नाई," तो हळूच म्हणाला.

"हाडाची पण आहे. तुमची पण आहे. आणि माझी पण," बाई शांत झाल्या होत्या. "तुम्ही काम काय करता हे मी विचारलंच नाही. आणि असल्या हाडात गुंड्या वर ठेवायला नको होत्या मी. खाली पुरून ठेवायला हव्या होत्या. करू आपण परत, पण एक कबूल करा. जाळं दातांत धरायचं नाही. आता नाही, पुढंही नाही. कधीच नाही."

डोमा कुंताबरोबर जीपनं परतला. गाव जवळ आल्यावर तो कुंताला म्हणाला, "दात नाई तं जाळं नाई. अन दात घेतले तरी जाळं नाई. मंग मी काय घेऊन राह्यलो वो?"

"मले काय पुसता? बाईले पुसा."

"बाईले पुसलं तं ती आणखी एक सांगन."

त्यानं विचार सोडून द्यायला हवा होता. दसरूनं तसं सांगितलंही. गावभर ती रुमालाची गोष्ट पोचली होती आणि दसरू भेटेल त्याला ती करून दाखवत होता, धोतराचा सोगा तोंडात धरून. "सोड ना भाऊ. खालचे हायेत ना. पेज पिऊन माणूस शंभर वर्स जगते."

डोमाला मात्र ती जागा सोडवेना. पूर्वी तिच्याकडे लक्ष नव्हतं. आता जीभ दिवसभर तिथंच जायची. बांधीत चिखल करताना, पाळीवर बसलेला असताना, त्याला वाटायचं, सगळं अंग राबतंय आणि हा एक कोपरा बसलाय. अर्धवट टाकलेलं काम आणि बसलेला माणूस, दोन्ही एकाच जागी. पूर्ण मजुरीचं काय ते पुढं पाहू, पण हे असं ठेवायचं नाही, एवढं त्याचं ठरलं. तसं का ठरलं ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बाईंनी जागा भरून यायला पावसाळ्यापर्यंत थांबायला लावलं. बांध्यांमधला धानाचा रोवणा उरकला आणि डोमा पुन्हा त्या खुर्चीत बसला. बाईंनी या वेळी प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगितली. भोक स्क्रूपेक्षा बारीक पाडायचं. हाड कोरून बाहेर काढायचं नाही, आहे तेच बाजूला दाबत दाबत घट्ट करायचं. कमी पडेल तिथं हाडाची पूड भरायची. स्क्रू आधीपेक्षा लांब. वरून हिरडी शिवून टाकायची, म्हणजे जिभेलाही सापडणार नाही.

हे डोमाला पटलं. चिखलात खुंट गाडताना माणूस हेच करतो. "अन मंग हलवून पाहायचं," तो म्हणाला. "गाडलेला खुंट हलवून पाहिल्याबिगर त्याच्यावर डोंगा बांधत नाई आमी."

"हलवायचं नाही."

"मंग धरला का नाई, कसं समजन?"

"सहा महिन्यांनी मी बघेन."

"तवरीक?"

"तवरीक काही नाही."

डोमानं मान हलवली. खुंटापर्यंत त्याला सगळं समजलं होतं, त्याच्या पुढं रस्ता पुन्हा चिखलात गेला. कोपऱ्यात बसलेली कुंता म्हणाली, "रोवणा केल्यावर धानाचं रोप उपटून पाहते का कोणी, का मूळ धरलं का नाई म्हून?"

"लोखंडाले मुळं फुटतेत का?"

"तुमच्या हाडाले फुटन," बाई म्हणाल्या. "लोखंड नाही ते, पण असू द्या. हाड जिवंत आहे. ते स्क्रूभोवती येईल. सावरीचं हाड जरा उशिरा येतं, इतकंच."

हाड जिवंत आहे आणि ते चालत येतं, हे डोमा घरी घेऊन गेला. रात्रभर त्याच्या डोक्यात ते चालत होतं.

दिवाळी झाली. तोंडात काही हलत नव्हतं, काही लागत नव्हतं. काम होतंय की नाही हे हाताला कळत नाही, असं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. जाळं खुंटीवर होतं. कुंतानं ते हळद-कुंकू लावून तिथंच पुजलं, खाली काढू दिलं नाही.

तेव्हा कोणीतरी त्याला पत्रूची गोष्ट सांगितली. पत्रू वैनगंगेच्या काठचा, नदीवर जाळं टाकणारा म्हातारा. तलाववाले आणि नदीवाले एकमेकांकडे फारसे जात नाहीत. नदीवाल्यांना वाटतं तलाव म्हणजे डबकं, तलाववाल्यांना वाटतं नदीवाले नुसते नशिबावर बसतात. डोमा जीपने गेला. पत्रू गुडघाभर पाण्यात उभा होता. पाठ वाकलेली, हातापायांच्या काड्या. त्यानं जाळं खांद्यावर चढवलं, कोपरावर घेतलं, गर्रकन वळला आणि जाळं पाण्यावर परातीसारखं पडलं.

मग तो डोमाकडे पाहून हसला. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता.

डोमा पाण्याच्या काठाला बसलाच. "काकाजी, तुमी कड कायच्यात धरता?"

"खांद्यावर. मंग कायच्यात धरीन? जिभेवर?"

"आमी दातांत धरतो."

"कोणी सांगतलं का जाळ्याले दात लागतेत म्हून?"

"सारेच धरतेत."

"सारे म्हंजे तलाववाले." पत्रू जाळं ओढत होता. "माह्ये दात गेले तवा म्या शिकलो. दातांवर बसलो असतो तं कवाच मेलो असतो. काऊन, तुले कोणी पुसू नाई देलं?"

डोमानं डाव्या गालावरून हात फिरवला. त्याला आपले दोन काढलेले स्क्रू आठवले, दोन पुरलेले आठवले, तलावातले दात आठवले. नदी त्याच्या गावापासून सकाळच्या जीपने येण्याइतकी जवळ होती. इतकी वर्षं इथं एक बोळका म्हातारा गोल जाळं टाकत उभा होता.

त्यानं परत जाऊन स्क्रू काढायला सांगावेत का? घरी बसावं का? त्याला काही कळेना. म्हणून त्यानं जे कळत होतं ते केलं. धोतर वर खोचलं आणि पत्रूशेजारी पाण्यात उतरला.

नवं शिकणं जुन्या माणसाला अवघड जातं, त्याचं कारण जुनं जात नाही. जाळं उचललं की डोमाचं तोंड आपोआप वाकायचं. पत्रू त्याच्या गालावर ओल्या हाताची चापट मारायचा. "तोंड वर!" पहिल्या दिवशी जाळं गाठोड्यासारखं पडलं. नंतर करंजीसारखं. डोमा हप्त्यातून दोन-तीनदा नदीवर जाऊ लागला. तोंड वाकू नये म्हणून पत्रूनं त्याला जाळं टाकताना बोलत राहायला सांगितलं, आणि डोमा बोलायला लागला. काय बोलावं हे सुचेना, तेव्हा दसरूला शिव्या देऊ लागला. शिव्या लांबल्या तसं जाळं उघडत गेलं.

शिमगा पुन्हा आला. बाईंनी हिरडी उघडली. एक लहान पाना लावला आणि हळूच फिरवून पाहिला. डोमा खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता.

पाना हलला नाही.

बाईंनी आणखी थोडा जोर दिला. मग दुसऱ्या स्क्रूला लावला. "धरलं," त्या म्हणाल्या. त्यांनी एक मोठा श्वास सोडला. त्यांनाही खात्री नव्हती, हे डोमाला तेव्हा कळलं.

"आता काम?" त्यानं विचारलं.

"आता काम. पण एकदम नाही. आधी हलके प्लास्टिकचे दात. त्यांनी मऊ भात खायचा. मग पोळी. मग पक्के दात बसवू, तेव्हा काय ते फुटाणे. हाडाला जोराची सवय व्हायला पाहिजे."

"नव्या मजुराले पहिल्याच दिशी गोणी नाई देत."

"हो, तसंच काहीतरी," बाई म्हणाल्या.

पक्क्या दातांचे पैसे बाकी होते. त्याच उन्हाळ्यात सोसायटीनं मासे काढायला माणसं लावली. डोमाचं नाव टोपलीवाल्यांत होतं. तो गेला आणि दसरूच्या शेजारी डोंग्यावर चढला.

"अबे, इथी कुठी?" दसरू म्हणाला. "कड कायच्यात धरशीन? रुमाल आणला का?"

डोमानं जाळं खांद्यावर घेतलं, कोपरावर घेतलं. तोंड वर ठेवलं. "दसऱ्या, तुह्या जिभेले हाड असतं तं तेही सावरीचंच निघालं असतं," तो मोठ्यानं म्हणाला, आणि बोलता बोलता वळला. जाळं उघडलं. इतकी वर्षं जाळं सुटताना त्याचं तोंड बंद असायचं. आज ते उघडं होतं, आणि जाळं पाण्यावर पडल्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या ओरडण्यात त्याला ऐकूच आला नाही. पाळीवरची पोरं मात्र ओरडली. गोल पडलं होतं.

सोसायटीच्या माणसानं त्याचं नाव टोपलीवाल्यांतून खोडून जाळंवाल्यांत लिहिलं.

पाऊस लागायच्या आत डोमानं ती सगळी मजुरी बाईंच्या टेबलावर ठेवली. पक्के दात बसले. त्याआधी प्लास्टिकच्या दातांनी त्याची सांगितल्याप्रमाणं भात, मग पोळी खाऊन झाली होती. मग एका संध्याकाळी तो पाळीवर बसला होता, मुठीत फुटाणे घेऊन. दसरू शेजारी येऊन बसला आणि त्यानं न विचारता चार फुटाणे उचलले.

"एक सांग," दसरू म्हणाला. या वेळी तो चिडवत नव्हता. "जाळ्यासाठी दात घ्यायले गेला. आता जाळ्याले दात लागत नाई. दाताबिगर जाळं फेकलं, अन त्या मजुरीनं दात घेतले."

"हो."

"मंग तुले दात पाह्यजेच नोते."

डोमानं विचार केला. तो यावर बरेच दिवस विचार करत होता आणि दर वेळी तिथंच येऊन अडकत होता. "नोते," तो म्हणाला.

"मंग घेतले काऊन?"

डोमानं एक फुटाणा डावीकडे ठेवला आणि हळूच दाबला. आवाज झाला. आत, नाकाच्या अंगाला, काहीतरी किंचित भरल्यासारखं वाटलं, दिवसभर काम केलेल्या दंडात वाटतं तसं.

"ते हाड बसून होतं," तो म्हणाला, आणि दुसरा फुटाणा त्याच बाजूला सारला.